वडिलांच्या स्लाइड्स: कोल्हापुरातील घरगुती डिजिटायझेशनच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

पावसाळा संपून हवा कोरडी झाल्याशिवाय वडिलांच्या स्लाइड्सच्या, म्हणजे चौकटीत बसवलेल्या पारदर्शक फिल्मवरील छायाचित्रांच्या, पेट्या उघडायच्या नाहीत असे जुलैमध्येच ठरवले होते, त्यामुळे कामाला आज सुरुवात झाली. आईच्या खोलीतील लोखंडी कपाटातून एकूण १४ पेट्या निघाल्या. वडील १९६४ ते १९९२ या काळात येथील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असत आणि प्रत्येक सहलीत, प्रत्येक सुटीत त्यांच्या खांद्याला कॅमेरा असे. घरच्या माणसांची छायाचित्रे या संग्रहात तुलनेने कमी आहेत. बहुतेक स्लाइड्स वनस्पतींच्या असून त्या वर्गात पडद्यावर दाखवण्यासाठी काढलेल्या आहेत.

मोजणी केली. फिल्मच्या प्रकारानुसार एकूण १०८७ स्लाइड्स आहेत: ऑर्वोच्या ५३४, कोडाक्रोमच्या १८७, एक्टाक्रोमच्या १४३, आग्फाच्या ९६, आकृत्या व तक्त्यांच्या काळ्या-पांढऱ्या ७८, आणि ज्यांच्या कडेवर किंवा चौकटीवर काहीच वाचता येत नाही अशा ४९. सर्व ३५ मिमी फिल्मच्या आहेत, म्हणजे चित्र २४ बाय ३६ मिलिमीटर आणि चौकट ५० बाय ५०.

ऑर्वोचा वाटा इतका मोठा असण्याचे कारण उघड आहे. पूर्व जर्मनीतील वोल्फेनच्या कारखान्याची फिल्म १९६४ पासून या नावाने विकली जाऊ लागली, आणि पूर्व जर्मनीशी आपला व्यापार रुपयांत चालत असल्याने ती येथे मिळत असे. कोडाक्रोम, एक्टाक्रोम ही अमेरिकन फिल्म परदेशातून येणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडून मागवावी लागे. वडील कोडाक्रोम जपून वापरत, हे विषयांवरूनच कळते: दुर्मीळ फूल असले की कोडाक्रोम, विद्यार्थ्यांचा घोळका असला की ऑर्वो.

खिडकीच्या उजेडात धरून पाहताना या काटकसरीचा परिणाम दिसतो. कोडाक्रोम पन्नास वर्षांनंतरही काल धुऊन आणल्यासारख्या आहेत, कारण त्या फिल्ममध्ये रंग धुलाईच्या वेळी बाहेरून दिला जातो आणि रंग तयार करणारी रसायने थरात शिल्लक राहत नाहीत. मात्र हा टिकाऊपणा अंधारातला आहे. प्रोजेक्टरच्या प्रखर दिव्यासमोर कोडाक्रोम इतर फिल्मपेक्षा लवकर फिकी पडते, आणि वर्गात वारंवार दाखवल्या गेलेल्या दहा-बारा स्लाइड्समध्ये ते स्पष्ट जाणवते. ऑर्वोच्या स्लाइड्स सरसकट तांबूस झाल्या आहेत. जुन्या एक्टाक्रोम जांभळटाकडे झुकल्या आहेत.

२४ नोव्हेंबर

दिवाळीपूर्वी एका मोठ्या शहरातील डिजिटायझेशन सेवेकडे चाचणीसाठी पाठवलेल्या ६० स्लाइड्स काल परत आल्या. (वरच्या मोजणीत त्या धरलेल्या आहेत.) दर स्लाइडमागे ४० रुपये होता आणि तो वाजवीच म्हणावा लागेल. वरवर पाहता कामही वाईट नाही. आईने टीव्हीवर सगळी चित्रे पाहिली आणि ती खूश झाली.

माझी तक्रार वेगळी आहे. आलेल्या जेपीईजी फाइल्सना १ ते ६० असे क्रमांक आहेत, पण हा क्रम पेटीतल्या क्रमाशी जुळत नाही आणि चौकटीवर वडिलांनी पेन्सिलीने लिहिलेला मजकूर कुठेही नोंदलेला नाही. ‘आंबा घाट, ओढ्याजवळ, ४/९’ असे लिहिलेली स्लाइड आता ‘०३७’ आहे. ती नेमकी कोणती हे शोधण्यासाठी मला साठही स्लाइड्स पुन्हा उजेडात धराव्या लागल्या. याशिवाय कडा आपोआप कापल्या गेल्या आहेत, रंग आपोआप भडक केले आहेत, पानांच्या कडांना कृत्रिम धारेची पांढरी रेघ आली आहे, आणि ११ चित्रे आरशातल्यासारखी उलटी आहेत. यांपैकी दोन मी पाट्यांवरून ओळखल्या, कारण पन्हाळ्याच्या पाटीवरील देवनागरी अक्षरे उलटी दिसत होती. उरलेल्या नऊ मूळ स्लाइडशी ताडून पाहिल्यावरच सापडल्या.

कौटुंबिक छायाचित्रांसाठी ही सेवा पुरेशी ठरेल. या संग्रहाच्या बाबतीत मात्र चित्र आणि चौकटीवरील मजकूर यांची ताटातूट झाली, तर वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने उरते ते नुसते एक फूल. कुठले, कधीचे, हे कायमचे हरवते. त्यामुळे उरलेले काम घरीच करायचे, आणि या ६० स्लाइड्सही पुन्हा करायच्या.

१ डिसेंबर

साधने ठरवली. तीन पर्याय होते.

पहिला फ्लॅटबेड स्कॅनर. एप्सनच्या व्ही६०० मध्ये एका वेळी चार स्लाइड्स बसतात, परंतु खोक्यावर लिहिलेले ६४०० डीपीआय (इंचाला टिंबे) आणि प्रत्यक्षात मिळणारा तपशील यांत मोठी तफावत असते. ३५ मिमीच्या चित्रातील पुंकेसर दिसावेत अशी अपेक्षा असेल तर ते यंत्र कमी पडते. दुसरा पर्याय प्लसटेकसारखा केवळ फिल्मसाठी बनवलेला स्कॅनर. त्यावर तपशील चांगला येतो, काही मॉडेलमध्ये धूळ ओळखणारा अवरक्त किरणांचा मार्गही असतो, पण एकेक स्लाइड हाताने सरकवत बसावी लागते आणि उच्च दर्जावर प्रत्येकीला काही मिनिटे जातात. शिवाय अवरक्त सफाई कोडाक्रोमवर भरवशाची नाही, कारण त्या फिल्मचे थर अवरक्त किरण पूर्णपणे आरपार जाऊ देत नाहीत आणि यंत्र चित्रातील काळोख्या भागालाच धूळ समजून पुसून टाकते. निकॉनचे कूलस्कॅन आजही उत्तम मानले जातात, पण त्यांचे उत्पादन केव्हाच थांबले आहे आणि जुन्या यंत्राच्या दुरुस्तीची खात्री कोणी देत नाही.

तिसरा पर्याय कॅमेऱ्याने स्लाइडचे छायाचित्र घेण्याचा, आणि तोच घेतला. माझ्याकडे निकॉन डी७२०० आहे आणि भावाकडे ६० मिमीचे मायक्रो भिंग आहे, जे तो पुण्याहून पाठवतो आहे. हिशेब असा: सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा आहे, म्हणून ३६ मिलिमीटरची स्लाइड त्यावर बसवण्यासाठी ०.६५ पट प्रतिमा लागते. चित्राच्या रुंदीवर ६००० पिक्सेल मिळतात, म्हणजे इंचाला सुमारे ४२००. एवढे पुरे आहे. ऑर्वोच्या फिल्मचे कण त्याआधीच दिसू लागतात.

८ डिसेंबर

कॅमेरा स्लाइडच्या बरोबर वर, अगदी समांतर आणि न हलणारा हवा. बाजारातील कॉपी स्टँडच्या किमती पाहून परत फिरले. शेवटी, बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओच्या माळ्यावर धूळ खात असलेला एन्लार्जर मालकांनी काही न घेता दिला. त्याचे डोके काढून टाकले. खालची जाड फळी, पोलादी खांब आणि दात्यांवर वरखाली सरकणारी पकड एवढेच ठेवले. ज्या यंत्रातून पूर्वी फिल्मवरून कागदावर चित्र उतरत असे, त्याच खांबावर आता कॅमेरा उलटा लटकला आहे.

स्लाइड बसवण्याची खाच शिवाजी उद्यमनगरातील एका वर्कशॉपमध्ये करून घेतली. मी कागदावर आकृती काढून नेली होती. कारागिरांनी ती पाहिली, खिशातून व्हर्नियर काढून माझ्या हातातील तीन प्रकारच्या स्लाइड्स स्वतः मोजल्या आणि विचारले, “ताई, ही पुठ्ठ्याची सव्वा मिलिमीटर आणि ही काचेची तीन. एकच खाच दोघींना कशी चालणार?” हा प्रश्न मला सुचला नव्हता. त्यांनी ॲल्युमिनियमच्या पट्टीत ५०.४ मिलिमीटर रुंदीची खाच घेतली आणि एका बाजूला पातळ पोलादी पत्र्याची स्प्रिंग बसवली, जी कोणत्याही जाडीची चौकट खालच्या पायरीवर दाबून धरते. फिल्म मात्र चौकटीच्या मध्यावर असते, त्यामुळे चौकटीचा प्रकार बदलला की फोकस पुन्हा लावावा लागणार. म्हणून पेटीच्या क्रमाने न जाता, आधी सर्व पुठ्ठ्याच्या, मग प्लॅस्टिकच्या, शेवटी काचेच्या असे काम करायचे आणि फाइलच्या नावात मात्र पेटीचा क्रम राखायचा, असे ठरले.

पट्टी काळी ॲनोडाइझ करून मिळाली. चमकदार धातू राहिला असता तर कडेने उजेड परावर्तित होऊन चित्राचा काळा भाग राखाडी झाला असता.

१५ डिसेंबर

प्रकाशासाठी एलईडी पॅनेल घेतले, ज्याचा रंगदर्शन निर्देशांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे १०० पैकी माप) ९५ च्या वर आहे. घरातील साध्या एलईडी दिव्याखाली घेतलेल्या पहिल्या चाचणीत लाल फुले मातकट आली होती, तो फरक नव्या पॅनेलने लगेच दूर झाला. पॅनेल स्लाइडपासून पाच सेंटिमीटर खाली ठेवले आहे आणि मध्ये दुधी ॲक्रिलिकचा तुकडा आहे. अंतर ठेवल्याने ॲक्रिलिकवरील धूळ फोकसच्या बाहेर राहते. स्लाइडच्या चौकटीबाहेरून येणारा सगळा प्रकाश काळ्या कार्डाने झाकला.

समांतरता तपासण्यासाठी खाचेत लहान सपाट आरसा ठेवून कॅमेऱ्यातून पाहिले. भिंगाचे स्वतःचे प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसेपर्यंत पकडीखाली कागदाच्या चकत्या सरकवल्या. या कामात दीड तास गेला, पण आता चारही कोपऱ्यांत फिल्मचे कण सारखेच स्पष्ट दिसतात.

ठरलेली मापे: एफ/८, आयएसओ १००, शटर साधारण १/८ सेकंद, कॅमेऱ्यातला आरसा आधी वर उचलून मग शटर, १४ बिटची रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद). स्लाइडच्या सर्वात गडद भागाची घनता ३.६ च्या आसपास असू शकते, म्हणजे उजळ ते काळोख हे अंतर सुमारे १२ स्टॉपचे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). ते या कॅमेऱ्याच्या आवाक्यात आहे, तरी घनदाट जंगलातल्या स्लाइड्ससाठी दोन स्टॉप जास्त उघडून दुसरी फाइल घेणार आहे.

प्रत्येक स्लाइडच्या चौकटीचे, पुढून आणि मागून, साध्या उजेडात मोबाइलने छायाचित्र घ्यायचे हा नियम केला आहे. चित्र नंतर, चौकट आधी.

२९ डिसेंबर

गेले दोन आठवडे केवळ सफाईत गेले.

कोल्हापूरच्या पावसाळ्याने या स्लाइड्सवर चाळीस-पन्नास वेळा हात फिरवला आहे. इमल्शन, म्हणजे फिल्मवरील चित्र धरून ठेवणारा थर, जिलेटिनचा असतो आणि बुरशीला तो खाद्य म्हणून आवडतो. पेटी ५ व ६ मधील स्लाइड्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे पसरले होते. पाण्याने पुसण्याचा मोह टाळला, कारण बुरशीने पोखरलेले जिलेटिन पाण्यात विरघळते आणि धाग्याबरोबर चित्रही निघून जाते. औषधाच्या दुकानातील स्पिरिटमध्येही पाणी असतेच. प्रयोगशाळांना रसायने पुरवणाऱ्या दुकानातून ९९ टक्के शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणले आणि आधी एका पूर्ण काळ्या, निरुपयोगी स्लाइडवर वापरून पाहिले. मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाच्या घडीवर दोन थेंब घ्यायचे, एकाच दिशेने एकदाच फिरवायचे, घडी बदलायची. खिडक्या उघड्या ठेवूनही डोके जड होते, म्हणून एका बैठकीत चाळीसपेक्षा जास्त करत नाही.

वरची बुरशी निघते. तिने जिलेटिनमध्ये पाडलेली नक्षी निघत नाही. काही चित्रांच्या आकाशात ती कायमची राहणार आहे.

ज्या स्लाइड्सवर फक्त धूळ होती त्यांना ब्लोअर आणि मऊ ब्रश एवढेच पुरले. बुरशी नसेल तिथे अल्कोहोलला हात लावायचा नाही.

काचेच्या चौकटींची कथा उलटी निघाली. सर्वात महत्त्वाच्या स्लाइड्स वडिलांनी मुद्दाम दोन काचांमध्ये बंद केल्या होत्या, आणि नेमका त्यांच्याच आत ओलावा अडकून राहिला. अशा ५२ स्लाइड्स आहेत. शिवाय फिल्म काचेला चिकटते तिथे इंद्रधनुषी कडी, म्हणजे न्यूटनची वलये, दिसतात. या सगळ्या काचेतून बाहेर काढून नव्या प्लॅस्टिक चौकटींत बसवल्या, आणि जुन्या चौकटीवरील कागदी पट्टी जपून नव्या चौकटीच्या पाठीवर चिकटवली.

पेटी २ उघडताच व्हिनेगरचा वास आला. ॲसिटेटची फिल्म कुजू लागल्याची ती खूण आहे आणि ही आम्लाची वाफ शेजारच्या फिल्मलाही बिघडवते. त्यातील २३ काळ्या-पांढऱ्या स्लाइड्स लगेच वेगळ्या खोलीत हलवल्या आणि त्यांचे काम सर्वांत आधी केले.

१२ जानेवारी २०२५

आजवर ४१८ स्लाइड्स झाल्या. तासाला साधारण पन्नास होतात, सफाई सोडून. खालच्या मजल्यावर मिक्सर सुरू झाला की चित्र किंचित हलते, हे दोन दिवसांचे काम मोठे करून पाहिल्यावर कळले. आता सकाळी स्वयंपाकाच्या वेळी छायाचित्रण बंद असते आणि त्या वेळेत चौकटींवरील मजकूर टंकून घेते.

२६ जानेवारी

हा दिवस उलट्या-सुलट्या बाजूंचा हिशेब लावण्यात गेला, आणि माझ्या मते या प्रकल्पातील सर्वात महत्त्वाची चूक आज टळली.

स्लाइडला दोन बाजू असतात. चकचकीत बाजू फिल्मच्या पायाची आणि मंद, तिरप्या उजेडात किंचित उठावदार दिसणारी बाजू इमल्शनची. चकचकीत बाजू पाहणाऱ्याकडे असेल तर चित्र सुलटे दिसते. कोडॅकच्या कारखान्यातून चौकटीत बसवून आलेल्या स्लाइड्सवर कोणती बाजू पडद्याकडे ठेवायची ते छापलेलेच असते, त्यामुळे तिथे प्रश्न येत नाही. पण ऑर्वोच्या पट्ट्या वडील घरी कात्रीने कापत आणि स्वतः चौकटीत बसवत. रात्री जेवणानंतर, आम्हा भावंडांना चौकटी मोजून द्यायला बसवून चाललेल्या या उद्योगात कित्येक फिल्म उलट्या बसल्या आणि त्यावर मजकूर लिहिला गेला. म्हणजे मजकूर असलेली बाजू वर ठेवून काम करण्याची माझी आतापर्यंतची पद्धत ऑर्वोसाठी चुकीची होती. सेवेकडून उलट्या आलेल्या ११ स्लाइड्सचे कारणही हेच असणार, आणि त्याबद्दलचा माझा राग आता थोडा कमी झाला आहे.

झाडाचे चित्र उलटे झाले तर काय बिघडते, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला होता. त्याचे उत्तर वडिलांच्या एका विद्यार्थ्याने दिले, जे आता स्वतः प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत आणि दर रविवारी चित्रे ओळखण्यासाठी येतात. संगणकावरील एक वेल पाहून ते म्हणाले, “ताई, सरांनी याला कडू करांदा लिहिलंय, पण हा वेल उजवीकडे चढतोय. सर ही चूक करणार नाहीत.” करांद्याच्या कुळात वेल कोणत्या दिशेने आधाराला वळसे घालतो ही ओळखीची एक पक्की खूण आहे: कडू करांदा आणि शेंडवेल डावीकडे वळतात, कोनफळ उजवीकडे. स्लाइड काढून तिरप्या उजेडात पाहिली. इमल्शनची बाजू वर होती. चित्र उलटे होते, वडिलांचा मजकूर बरोबर होता.

चित्र तसेच राहिले असते तर पुढे कोणीतरी ते पाहून वडिलांचीच ओळख चुकीची ठरवली असती. झालेल्या सर्व ऑर्वो स्लाइड्स, एकूण २६१, पुन्हा उजेडात धरून तपासल्या. ३८ उलट्या निघाल्या. रॉ फाइलला हात न लावता त्यांच्या पुढच्या प्रतींमध्ये बाजू पालटली आणि तशी नोंद प्रत्येकीच्या माहितीत केली.

१६ फेब्रुवारी

आजची तारीख योगायोगाने जुळून आली.

पेटी ९ मधील एका स्लाइडवर फक्त ‘अंकोला’ एवढेच लिहिले आहे. चित्रात काळ्या आकाशात काळी तबकडी आणि तिच्याभोवती पांढरी झळाळी. वर्ष, महिना काही नाही, पण इथे त्याची गरजही नाही: १६ फेब्रुवारी १९८० रोजी दुपारी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कारवार-अंकोल्यावरून गेला होता. बरोबर ४५ वर्षे झाली. आईला ती सहल चांगली आठवते, कारण भाऊ तेव्हा तान्हा होता म्हणून तिला घरी थांबावे लागले होते आणि शेजारणींनी दारे-खिडक्या बंद करायला लावल्या होत्या. ती अजूनही त्याबद्दल नाराज आहे.

बाकीच्या तारखा इतक्या सहज मिळत नाहीत. कोडाक्रोमच्या चौकटीवर छापलेला महिना धुलाईचा असतो, छायाचित्र काढल्याचा नव्हे, आणि ३६ चित्रांचा रोल वडिलांच्या कॅमेऱ्यात सहा-सहा महिने राहत असे. त्यामुळे फुलांचा हंगाम आणि छापील महिना एकत्र पाहून अंदाज बांधते. सोनकी फुललेली असून महिना जानेवारीचा असेल, तर चित्र आदल्या वर्षीच्या पावसाळ्याअखेरचे.

कारवीने सर्वात नेमकी साक्ष दिली. ‘कारवी, बोरिवली’ असे लिहिलेल्या दोन गटांत मिळून १७ स्लाइड्स आहेत. कारवी आठ वर्षांनी एकदा सामूहिकपणे फुलते, आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि आता २०२४ मध्ये फुलली. आठ-आठ वर्षे मागे मोजत गेले तर १९८४ आणि १९७६ येतात. पहिला गट कोडाक्रोमवर असून त्याच्या चौकटीवर नोव्हेंबर ७६ छापले आहे, म्हणजे मोजणी जुळते. दुसरा गट ऑर्वोवर आहे, त्यावर काहीच छापलेले नाही, परंतु त्यातल्या एका चित्रात पाचेक वर्षांचा भाऊ कारवीच्या झुडपात अर्धा लपून उभा आहे आणि त्याचा जन्म १९७९ चा आहे. तेव्हा १९८४. हाच हिशेब आंबा घाटातील कारवीला लावता येत नाही, कारण निरनिराळ्या डोंगरांवरील कारवीची वर्षे निरनिराळी असतात. ते चार फोटो ‘वर्ष अनिश्चित’ म्हणून ठेवले.

वडिलांच्या हस्ताक्षरावरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. पेटी १४ वर त्यांनी ‘दाजीपूर, १९८८’ लिहिले आहे, पण त्यातील जीपच्या पाटीवर ‘एमएच-०९’ आहे. जिल्ह्याच्या अंकांची ही पद्धत नवा मोटार वाहन कायदा १९८९ च्या जुलैमध्ये लागू झाल्यानंतरची. पेटीवरची तारीख त्यांनी निवृत्तीनंतर आठवणीने लिहिली असावी. अशा ठिकाणी मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवून माझा तर्क वेगळ्या ओळीत, माझ्या नावाच्या आद्याक्षरांसह लिहिते.

तांत्रिक बाजूने एवढेच नोंदवते की फाइलमध्ये छायाचित्राची तारीख म्हणून खोटा दिवस भरायचा नाही. एक्सएमपी या, फाइलसोबत माहिती साठवण्याच्या पद्धतीतील तारखेच्या रकान्यात केवळ वर्ष किंवा वर्ष-महिना चालतो, तोच वापरला आहे. वर्णन देवनागरीत आहे आणि एक्झिफटूल या माहिती भरण्याच्या प्रोग्रॅमने ते युनिकोडमध्ये नीट बसते. आयपीटीसी या जुन्या पद्धतीच्या रकान्यासाठी मात्र अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याचे वेगळे सांगावे लागते, नाहीतर उघडल्यावर प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

२ मार्च

रंगांचा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला होता.

ऑर्वोमधील निळसर-हिरव्या रंगद्रव्याचा थर सर्वात जास्त उडाला आहे, म्हणून सगळे तांबडे दिसते. तिन्ही रंगांच्या पातळ्या वेगवेगळ्या ताणून बराच तोल साधता येतो, फक्त तोल कशाशी जुळवायचा हे माहीत हवे. संगणकाच्या आपोआप दुरुस्तीला ते माहीत नसते. कास पठाराच्या स्लाइड्समध्ये मात्र उपाय चित्रातच सापडला. जागतिक वारसा यादीत नाव येण्यापूर्वीचे, १९७० च्या दशकातील ते पठार आहे आणि जवळजवळ प्रत्येक चित्रात कुठेतरी गेंदाची पांढरी गोल फुले आहेत. त्या पांढऱ्यावर तोल जुळवला की शेजारची सीतेची आसवं गुलाबीची पुन्हा निळसर जांभळी होतात, आणि कवल्याची फुले नारिंगीची पिवळी. पहिल्यांदा हे घडले तेव्हा आईला हाक मारून बोलावले.

सज्जनगडावरील शिंदळ माकुडीच्या स्लाइडला हा उपाय चालला नाही. चित्रात फक्त खडक, मांसल पाने आणि एक फूल आहे, पांढरे काहीच नाही. हे फूल गडद तांबडे-किरमिजी आणि त्यावर पिवळी नक्षी असलेले असते हे मला पुस्तकातून ठाऊक आहे, आणि तसा रंग दोन मिनिटांत आणताही येतो. पण मग तो रंग स्लाइडमधून आलेला नसेल, माझ्या माहितीतून भरलेला असेल. ती स्लाइड तांबूसच ठेवली.

यावरून प्रत्येक स्लाइडच्या तीन प्रती ठरल्या: न बदललेली रॉ फाइल, फक्त कापून व बाजू सुलटी करून घेतलेली १६ बिट टिफ, आणि घरच्यांसाठी व विद्यार्थ्यांसाठी जेपीईजी, जिच्या माहितीत ‘रंग दुरुस्त’ असे आणि दुरुस्तीचा आधार लिहिलेला आहे. बुरशीचे डागही केवळ तिसऱ्या प्रतीत पुसले आहेत.

१६ मार्च

शेवटची स्लाइड गुरुवारी झाली. रॉ सुमारे ३५ जीबी आणि टिफ सुमारे १४० जीबी. एक प्रत माझ्याकडे, एक भावाकडे पुण्यात, एक क्लाउडवर. प्रत्येक फाइलचा शा-२५६ (फाइल जरा जरी बदलली तरी बदलणारा अंकीय ठसा) काढून यादी तिन्ही ठिकाणी ठेवली आहे, म्हणजे वर्षातून एकदा फाइल्स शाबूत आहेत का ते यंत्राकडून ताडून घेता येईल.

मूळ स्लाइड्स टाकून द्यायच्या का, असे दोघा-तिघांनी विचारले. नाही. पॉलिप्रोपिलीनच्या खणांच्या पानांत (पीव्हीसीची पाने फिल्मला घातक असतात) पेटीच्या मूळ क्रमाने लावल्या, हवाबंद डब्यांत सिलिका जेलसह ठेवल्या, आणि आर्द्रता दाखवणारी पट्टी आत टाकली. मे महिन्यात जेल तापवून पुन्हा कोरडे करायचे आहे. व्हिनेगरचा वास येणाऱ्या २३ स्लाइड्स वेगळ्या, हवा खेळती राहील अशा पुठ्ठ्याच्या पेटीत आहेत.

३० मार्च, गुढीपाडवा

सगळ्या जेपीईजी आणि मजकुराची यादी वडिलांच्या त्या विद्यार्थ्यांना दहा दिवसांपूर्वी दिली होती. आज सकाळी ते श्रीखंडाचा डबा आणि दोन पाने भरून दुरुस्त्या घेऊन आले. बहुतेक दुरुस्त्या वनस्पतींच्या बदललेल्या शास्त्रीय नावांच्या आहेत. शेवटच्या दोन ओळी मात्र अशा होत्या: पेटी ७, क्रमांक १९ आणि २०, वेल अजूनही उलटे आहेत.

दोन्ही स्लाइड्स काढल्या. इमल्शनची बाजू खाली होती, म्हणजे माझ्या कसोटीप्रमाणे सुलट्या. तरीही कडू करांदा उजवीकडेच चढत होता. बराच वेळ पाहिल्यावर लक्षात आले की या स्लाइड्सना फिल्मची नेहमीची धारदार कड नाही, चित्राभोवती दुसऱ्या एका चौकटीची पुसट सावली आहे. या मूळ स्लाइड्स नाहीत, प्रती आहेत. वडिलांनी मूळ स्लाइड खिडकीसमोर धरून कॅमेऱ्याला बेलोज (भिंग कॅमेऱ्यापासून दूर नेणारा घड्यांचा भाता) लावून तिचे छायाचित्र घेतले असणार, आणि मूळ स्लाइड त्या वेळी उलटी धरली गेली असणार. प्रतीमध्ये चूक चित्रातच उतरली आहे आणि तिरपा उजेड ती दाखवू शकत नाही.

दुपारी जेवण झाल्यावर सावलीची ही खूण धरून संग्रह पुन्हा चाळला. एकूण ४३ प्रती सापडल्या. ज्या दोन सापडल्या होत्या त्या पालटल्या. नऊमध्ये पाटी, घड्याळ किंवा ओळखीचा डोंगर आहे, त्या सुलट्या असल्याची खात्री झाली. उरलेल्या ३२ मध्ये पाने, फुले आणि आकाश याखेरीज काही नाही. त्यांच्या माहितीत ‘प्रत, डावी-उजवी बाजू अनिश्चित’ असे लिहिले, आणि भिंग पुण्याला परत पाठवण्यासाठी डब्यात भरले.